बॅकअपची डिस्क कपाटातच बरी

(नाशिक येथे संस्थेचे कार्यकर्ते, वसतिगृहांचे अधीक्षक आणि मंडळ्यांतील साहाय्यक यांच्या एकत्रित सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव ‘संगणकातील माहितीची सुरक्षा’ असं छापलं आहे. नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात मी बोलणार आहे ते एका लोखंडी कपाटाबद्दल आणि त्यात ठेवायच्या दोन हार्ड डिस्कबद्दल. तेव्हा ज्यांना संगणकाचं नाव काढलं की डुलकी येते, त्यांनीही जरा वेळ जागं राहावं. कपाट सर्वांना कळतं.

आधी एक विचारते. आपल्या कार्यालयातला संगणक उद्या सकाळी उघडलाच नाही, तर काय जाईल? पटकन तोंडावर येतं, ‘हिशेब जातील.’ हिशेब जातील खरे, पण पावत्यांची बुकं आहेत, बँकेचं स्टेटमेंट आहे, आपले सीए आहेत. महिना-दोन महिने घाम गाळला की हिशेब पुन्हा उभे राहतात. पुन्हा उभ्या राहणार नाहीत अशा गोष्टी वेगळ्याच आहेत.

वनहक्काचे दावे घ्या. २००६ च्या कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ती जमीन आपल्या ताब्यात असल्याचे किमान दोन पुरावे दाव्याला जोडावे लागतात. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब हा त्यातला एक पुरावा. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या बाजूच्या पाड्यांवर जाऊन कार्यकर्ते हे जबाब घेतात, बांधाचे फोटो काढतात, मोबाइलवर शेताची हद्द चालून नोंदवतात. यातले कितीतरी आजोबा आज हयात नाहीत. त्यांचा जबाब पुन्हा कोण देणार? मार्च २०१८ मध्ये याच नाशिकमधून शेतकरी मुंबईपर्यंत पायी गेले, त्यांच्या मागण्यांत वनजमिनीची मागणी अगदी पुढे होती. पायाला फोड आलेली ती माणसं शेवटी कशासाठी चालली? जमीन आपल्या नावावर असल्याच्या एका कागदासाठी. त्या कागदाची प्रत आपल्या संगणकात आहे आणि तिची राखण आपल्याकडे आहे.

दुसरं जातीच्या दाखल्याचं आणि वैधता प्रमाणपत्राचं. आपल्या वसतिगृहातली मुलगी बारावी होऊन नर्सिंगला किंवा इंजिनिअरिंगला जायला निघते, तेव्हा पडताळणी समिती जुन्या नोंदी मागते. १९५० च्या आधीची नोंद मिळाली तर सोन्याहून पिवळं. ती सापडते एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, वाळवीने खाल्लेल्या पानावर. कोणीतरी दिवसभर बसून त्याचं स्कॅन करून आणतं. दोन पावसाळ्यांनंतर ते मूळ पान शिल्लक असेलच याची खात्री कोण देईल? शिवाय दवाखान्यातली सिकलसेलच्या मुलांची नोंद आहे, मंडळीची बाप्तिस्म्याची जुनी पुस्तकं स्कॅन केलेली आहेत, आणि कोकणी व वारली बोलींत म्हाताऱ्या बायकांनी म्हटलेल्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण आहे.

आता चोराकडे वळू. रॅन्समवेअर म्हणजे खंडणी मागणारा व्हायरस. तो संगणकात शिरतो, तुमच्या फायली एकामागून एक कुलूपबंद करतो, आणि पडद्यावर चिठ्ठी ठेवतो: पैसे द्या, किल्ली देतो. फाइल जागेवरच असते, तिचं नावही दिसतं, पण उघडली की नुसती अक्षरांची खिचडी. हा धंदा नवा नाही. १९८९ साली एड्सविषयक परिषदेला आलेल्या लोकांना आणि इतर अनेकांना टपालाने फ्लॉपी डिस्क गेल्या. फ्लॉपी घातल्यावर काही दिवसांनी संगणक अडून बसे आणि १८९ डॉलर पनामा देशातल्या एका टपालपेटीवर पाठवा असं सांगे. तेव्हाच्या चोराला टपालतिकिटांचा खर्च तरी होता! आजच्याला तोही नाही, आणि पैसेही तो पकडायला अवघड अशा आभासी चलनात मागतो.

तो येतो कुठून? ‘थकबाकीचं बिल’ म्हणून आलेल्या ईमेलच्या जोडपत्रातून. कोणाच्या तरी भाच्याने फुकटात घालून दिलेल्या चोरीच्या ऑफिस किंवा फोटोशॉपमधून. लहान कार्यालयांत हा रस्ता फार मळलेला आहे. दुरून संगणक चालवता यावा म्हणून उघडा ठेवलेल्या दारातून, ज्याचा पासवर्ड संस्थेचं नाव आणि पुढे १२३ असा असतो. आणि जुन्या विंडोजमधून. देणगी म्हणून आलेले पुष्कळ संगणक विंडोज ७ किंवा १० वर चालतात. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारी नेहमीची फुकट डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, ७ ची तर २०२० मध्येच. भिंतीला भोक पडलं तर आता गवंडी येणार नाही.

दारं-खिडक्या लावायच्याच. पण मी आज त्यावर वेळ घालवणार नाही. कारण मोठमोठ्या कुलपांच्या कंपन्यांतही चोर शिरलेला आहे, आणि त्यानंतर कोण तगलं हे पाहिलं तर उत्तर बहुतेक वेळा एकच निघतं. ज्यांच्याकडे चोराचा हात न पोचणारी एक प्रत होती, ते तगले.

निफाड-लासलगावचा कांदा आणि दिंडोरीची द्राक्षं ज्या बंदरातून परदेशी जातात, ते उरणजवळचं जेएनपीटी आपल्याला माहीत आहे. २७ जून २०१७ रोजी तिथल्या एका टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि काम हाताने करायची वेळ आली. ते टर्मिनल चालवत होती मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहातली कंपनी. त्या दिवशी नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला होता. त्याची सुरुवात झाली युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे लोकांनी चुकीचं बटण दाबलं नव्हतं, उलट सांगितलेलं अपडेट इमानाने घेतलं होतं. त्यात खंडणीची चिठ्ठी होती, पण ती नुसती बतावणी. पैसे भरूनही फायली परत मिळणार नव्हत्या.

मर्स्कची जगभरातली कार्यालयं एका क्षणात आंधळी झाली. कोण कर्मचारी, कोणाला कुठलं दार उघडायची परवानगी, हे सांगणारे सुमारे दीडशे मुख्य सर्व्हर कंपनीकडे होते. ते एकमेकांच्या प्रती ठेवत. एक गेला तर दुसऱ्यावरून भरून घेऊ, अशी व्यवस्था. पण सगळे एकाच जाळ्यात जोडलेले, त्यामुळे सगळे एकदम गेले. दीडशे प्रती असून एकही प्रत नाही! शोधाशोध करताना आफ्रिकेतल्या घाना देशातल्या कार्यालयात एक सर्व्हर शाबूत सापडला. का? हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती, आणि तो जाळ्यापासून तुटला होता. लोडशेडिंगचे आभार मानायची वेळ माणसावर क्वचितच येते. आपल्या पेठ-सुरगाण्याच्या लोकांना हे ऐकून बरं वाटेल.

पुढचं तर आणखी आपल्याकडच्यासारखं आहे. घानाचं इंटरनेट इतकं हळू की ती माहिती इंग्लंडला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. डिस्क घेऊन माणूस पाठवावा, तर तिथल्या कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी घानाचा एक कर्मचारी नायजेरियाला गेला, विमानतळावर त्याने ती डिस्क दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात दिली, आणि तो ती घेऊन लंडनला उतरला. त्या एका डिस्कवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

आपल्या दाराशी या. २१ मार्च २०२१ च्या पहाटे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर, म्हणजे आपल्या एमआयडीसीवर, असाच हल्ला झाला. मुंबईचं मुख्यालय आणि राज्यातली १६ प्रादेशिक कार्यालयं यांचं संगणकी काम थांबलं. महामंडळाचे काही सर्व्हर ईएसडीएस या कंपनीच्या क्लाउडवर होते, आणि ही कंपनी आपल्या सातपूरची. महामंडळाने त्या वेळी काढलेल्या निवेदनात एक वाक्य फार मोलाचं होतं: बॅकअपच्या फायली जाळ्याच्या वेगळ्या भागात ठेवल्या होत्या, त्यांना बाधा झाली नाही. पुढच्या वर्षी, २३ नोव्हेंबर २०२२ ला, दिल्लीच्या एम्स रुग्णालयात पाच सर्व्हर कुलूपबंद झाले. रोजचे हजारो रुग्ण, आणि नोंदणीपासून रक्ताच्या अहवालापर्यंत सारं कागदावर. काम बऱ्यापैकी रुळावर यायला दोन आठवडे गेले. डिसेंबरमध्ये लोकसभेत त्यावर लेखी उत्तर दिलं ते तेव्हाच्या आरोग्य राज्यमंत्री आणि आपल्या दिंडोरीच्या खासदार डॉ. भारती पवार यांनी: बाधा न झालेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलची सगळी माहिती परत मिळाली.

यावर आपले लोक मला सांगतात, ‘ताई, आम्ही पण बॅकअप घेतो.’ कुठे घेता? ‘हा काय, मागे लावलेला आहे.’ संगणकाच्या मागे एक्स्टर्नल डिस्क कायमची लटकलेली असते. वर्षानुवर्षं. तिच्यावर धुळीचा थर, पण दिवा लुकलुकतोय, म्हणून सर्वांना निश्चिंत वाटतं. मंडळी, व्हायरसच्या दृष्टीने ती डिस्क म्हणजे त्याच घरातली आणखी एक खोली. तो सी, डी, ई, एफ अशी एकेक खोली पाहत जातो. वायरने जोडलेली डिस्क, कार्यालयातलं सामाईक फोल्डर, दुसऱ्या टेबलावरचा संगणक, जिथे आपल्याला जाता येतं तिथे त्यालाही जाता येतं. विंडोज स्वतःहून फायलींच्या जुन्या प्रती ठेवत असेल, तर त्या तो आधी पुसतो. तो मूर्ख नाही; तुम्ही बॅकअपवरून परत आलात तर त्याला खंडणी कोण देणार?

गुगल ड्राइव्हचंही तसंच. संगणकाशी जुळवलेलं फोल्डर असेल, तर इथे फाइल बिघडली की बिघडलेली फाइल आज्ञाधारकपणे वर जाते. फायलीची जुनी आवृत्ती तिथे साधारण तीस दिवस मिळू शकते, तेवढा आधार आहे, आणि ड्राइव्ह वापरू नका असं मी म्हणत नाही. पण वसतिगृह मे महिन्यात बंद आणि अधीक्षक गावी गेले, तर तीस दिवस कधी सरले कळत नाही.

ही गोष्ट आपल्या आदिवासी घरांना शिकवायची गरज नाही. नागलीचं बियाणं खायच्या नागलीत कोणी ठेवत नाही. ते राख लावून, वेगळं बांधून, वेगळ्या जागी. घरात कितीही ओढ असली तरी त्याला हात लागत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती गावठी वाण असे जपून ठेवल्याबद्दल. शेतातलं पीक गेलं तरी वाण जाऊ नये, एवढाच त्यामागचा विचार. बॅकअपची डिस्क हे आपलं बियाणं आहे.

मग करायचं काय? प्रत्येक केंद्राला दोन डिस्क. एकीला लाल पट्टी, दुसरीला हिरवी. एका शनिवारी लाल, पुढच्या शनिवारी हिरवी. दोन्ही एकाच वेळी कधीही जोडायच्या नाहीत, अगदी ‘दोन मिनिटांसाठी’ही नाही. डिस्क जोडण्याआधी इंटरनेट बंद करायचं, आणि रोजच्या वापरातल्या पाच-सहा फायली उघडून पाहायच्या. नीट उघडतात ना? एखादी उघडत नसेल, किंवा नावापुढे भलतंच शेपूट लागलेलं दिसलं, तर तिथेच थांबायचं, डिस्क जोडायचीच नाही. सर्व ठीक असेल तर जोडायची, नवी तारीख घातलेल्या फोल्डरमध्ये प्रत घ्यायची, मागची फोल्डर तशीच ठेवायची. काही व्हायरस कित्येक दिवस गप्प बसून मग डोकं वर काढतात; म्हणून एकच प्रत पुन्हा पुन्हा घासून लिहू नये. काम झालं की डिस्क रीतसर बाहेर काढायची, वायर सोडवायची, कपाटात ठेवायची, वहीत तारीख आणि सही. हजेरीपुस्तकाला आपण जितकं मानतो, तितकंच त्या वहीला मानायचं.

वायर सोडवणं, हेच सगळ्यात जड जातं. प्रत घेणं संगणकाला आपोआप करायला शिकवता येतं, वायर काढायला माणूसच लागतो. आळस इथेच आडवा येतो, आणि त्यावर कोणतंही सॉफ्टवेअर निघालेलं नाही.

दोन डिस्कपैकी एक दुसऱ्या छताखाली राहिली पाहिजे. आपण बायबलच्या भाषांतराचा इतिहास आदराने सांगतो, म्हणून श्रीरामपूरची आठवण देते, बंगालमधलं श्रीरामपूर. मराठीचं व्याकरण आणि मराठीचा कोश छापणारे विल्यम केरी यांच्या छापखान्याला ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी आग लागली. केरी तेव्हा कलकत्त्याला होते. अनेक भाषांचा मिळून एक मोठा शब्दकोश ते वर्षानुवर्षं रचत होते. त्याचं हस्तलिखित जळालं. दुसरी प्रत नव्हती. तो कोश पुढे कधीच पूर्ण झाला नाही. मात्र अक्षरांचे पोलादी ठसे ढिगाऱ्यात शाबूत सापडले, त्यांवरून नवे खिळे ओतले गेले आणि काही महिन्यांत छपाई पुन्हा चालू झाली. खिळे पुन्हा ओतता आले, कारण ठसा वाचला होता. कोशाला ठसा नव्हता. आग, पूर, चोरी यांना रॅन्समवेअर ठाऊक नसतं. म्हणून वसतिगृहाची एक डिस्क नाशिकच्या कार्यालयात आणि नाशिकची एक डिस्क वसतिगृहात, अशी अदलाबदल महिन्याच्या बैठकीला येता-जाता करता येईल. पिशवीत नव्हे, डब्यात घालून.

पावसाळ्याचं वेगळं सांगते. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात जुलैत कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात औषधांच्या बाटल्यांत येतात तशा ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाका. पेन ड्राइव्हवर वर्षानुवर्षांचा भरवसा ठेवू नका. ती निरोप्या म्हणून ठीक, राखणदार म्हणून नाही. आणि वीज जाते-येते अशा वेळी प्रत घ्यायला बसू नका, लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या.

डिस्कवर मुलांची नावं, आजार, आई-वडिलांचे आधार क्रमांक असतात. म्हणून डिस्कला पासवर्ड हवा. तो पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात नको. बंद पाकिटात घालून पाळकसाहेबांकडे आणि चिटणिसांकडे एकेक असावा. माणसं बदलतात, आजारी पडतात, देवाघरी जातात.

तीन महिन्यांतून एकदा परीक्षा घ्या. डिस्क दुसऱ्याच एखाद्या लॅपटॉपला लावा आणि कोणत्याही एका मुलीची पूर्ण फाइल काढून दाखवा. दाखला, गुणपत्रिका, फोटो. मिळाली तर बॅकअप आहे. नाही मिळाली तर ते नुसतं समाधान आहे. ‘कॉपी झाली’ असा संदेश आला म्हणजे झालं, असं समजणारे पुष्कळ असतात.

आणि तरीही एखाद्या सकाळी ती चिठ्ठी दिसलीच तर? पहिल्यांदा नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, शेजारचे संगणकही जाळ्यातून सोडवा. घाबरून बॅकअपची डिस्क लावून पाहू नका; उरलेलं बियाणंही जाईल. पडद्याचा मोबाइलने फोटो घ्या. पैसे देऊ नका. एक तर किल्ली मिळेलच असं नाही, आणि साहाय्यकांनी पाड्यावरच्या लेकरांसाठी दिलेला पैसा चोराला देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. सायबर पोलिसांत तक्रार करा. त्यासाठी १९३० हा क्रमांक आहे. युरोपातल्या पोलिसांनी आणि काही सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ नावाचा उपक्रम सुरू केला आहे, तिथे काही जुन्या व्हायरसांच्या किल्ल्या फुकट मिळतात, त्यामुळे कुलूपबंद फायलीही लगेच पुसू नका, वेगळ्या ठेवा. मग संगणक पूर्ण पुसून, विंडोज नव्याने घालून, त्यानंतरच कपाटातली डिस्क बाहेर काढा. घाईच्या वेळी हा क्रम आठवत नाही, म्हणून तो कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

शेवटी साहाय्यकांना एक सांगायचं आहे, थोडं स्पष्ट बोलते. संगणक देणारे पुष्कळ भेटतात. त्याचा फोटो निघतो, हार-तुरे होतात. कपाटात पडून राहणारी डिस्क द्यायला कोणी पुढे येत नाही, कारण ती फोटोत दिसत नाही. काही हजार रुपयांचं काम आहे. पुढच्या देणगीत ‘दोन डिस्क आणि एक घट्ट डबा’ एवढं लिहून टाका.

अधीक्षक ताई-दादांनी चहानंतर आपापले लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत यावं. लाल आणि हिरवी पट्टी आणलेली आहे. आजची तारीख घालून पहिली प्रत इथेच घेऊ, आणि वायर काढूनच घरी जाऊ.